विचारून काढलात का?

निवृत्तीनंतर काहीतरी नाद हवा म्हणून मी कॅमेरा घेतला हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. आमच्या वाशीमच्या हौशी फोटोवाल्यांचा एक छोटा गट आहे. दहा-बाराजण, निम्मे पेन्शनर. गेल्या हिवाळ्यात आम्ही कामठीला जाऊन आलो, ड्रॅगन पॅलेस बघायला. वाशीमहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पण आता समृद्धी महामार्ग झालाय, त्यामुळे भल्या पहाटे निघालो आणि उन्हं चढायच्या आत पोचलोसुद्धा!

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. हे बुद्धमंदिर १९९९ साली उभं राहिलं. जपानच्या नोरिको ओगावा यांनी दिलेल्या दानातून आणि कामठीच्या सुलेखाताई कुंभारे यांच्या पुढाकारातून. आत चंदनाच्या लाकडातली बुद्धमूर्ती आहे. शेजारी विपश्यना केंद्र आहे, त्याचं उद्घाटन २०१७ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झालं. भोवती ऐसपैस बाग, कापलेली हिरवळ. फोटोवाल्याला आणखी काय हवं?

आम्ही पांगलो. मी हिरवळीवर बूड टेकलं आणि झूम लावून बघत बसलो. पायऱ्यांवर एक बाई बसल्या होत्या. पांढरी साडी, डोळे मिटलेले, गालावर ओघळ. कोवळं ऊन नेमकं चेहऱ्यावर. मी चार-पाच फोटो काढले. खरं सांगतो, इतक्या वर्षांत इतका चांगला फोटो मला मिळाला नव्हता.

थोड्या वेळाने त्या सरळ माझ्याकडेच आल्या.

"काका, माझा फोटो काढला का तुम्ही?"

"हो. फार छान आलाय," मी कौतुकाने म्हणालो.

"विचारलं नाही न पण." आवाज अजिबात चढा नव्हता. "आईला इथं आणायचं राहून गेलं. दिवाळीत गेली ती. म्हणून आज आली मी. पुसून टाका तो."

मी त्यांच्यासमोरच पुसला. त्या "जयभीम काका" म्हणाल्या आणि गेल्या.

परतीच्या गाडीत यावरून चांगलीच जुंपली. एक मित्र म्हणाला, "सार्वजनिक जागा आहे न बा, त्यात काय विचारायचं? विचारलं की माणूस सावरून बसते अन् फोटो जाते." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. विचारलं की चेहरा बदलतो, हे खरंच. पण मग फोटो जाऊ द्यावा, असं माझं मत झालंय. अजिंठ्याला फ्लॅश मारू देत नाहीत, चित्रांचे रंग खराब होतात म्हणून. दीड हजार वर्षांपूर्वीच्या रंगांची आपण एवढी काळजी घेतो. समोर बसून रडणाऱ्या जित्याजागत्या माणसाची नको घ्यायला?

असो. एवढंच असतं तर मी लिहिलंही नसतं. खरी बोच पुढे आहे.

अजिंठ्यावरून आठवलं. आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं भिक्षूंसाठी कोरून घेतलं. त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. हे मी वर्गात वर्षानुवर्षं छाती फुगवून शिकवलं. समोरच्या बाकांवर बौद्ध घरांतली कितीतरी मुलं असायची. दर बुद्धजयंतीला त्यातलं कुणी ना कुणी यायचं, "सर, विहारात या, खीर आहे." मी म्हणायचो, "बघू." विहार माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही गेलो नाही.

कुणी अडवलं होतं का? नाही. मनात द्वेष होता का? तोही नाही. "ते त्यांचं आहे" एवढंच होतं. आता वाटतं, हे "एवढंच" फार मोठं होतं. शाळेत बरोबरीने बसवायचं, वाकाटक शिकवायचे आणि पोरगं दारात बोलवायला आलं की "बघू" म्हणायचं! आणि शेवटी बुद्धमंदिराची पायरी चढलो ती अडीचशे किलोमीटर जाऊन, गळ्यात कॅमेरा अडकवून. म्हणजे पाहुणा म्हणून नाहीच, प्रेक्षक म्हणून. त्या बाई मला बोलल्या ते फोटोपुरतं होतं. मला लागलं ते या जुन्या हिशोबावर.

माझ्या मित्रांना माझं सांगणं इतकंच. अशा ठिकाणी जरूर जा, बागेचे, कळसाचे हवे तेवढे फोटो काढा. पण माणसाचा काढताना आधी त्याच्याशी बोला. आणि लांबच्या मंदिराआधी जवळच्या विहारात जाऊन या, रिकाम्या हातांनी.

यंदा बुद्धपौर्णिमेला मी गेलो. कॅमेरा घरी ठेवला. दारात एक जुना विद्यार्थी उभा होता, आता त्याचेही केस पिकलेत. "सर, तुम्ही?" एवढंच म्हणाला आणि आत जागा करून दिली. खीर दोनदा घेतली. साखर वाढली असेल, तर सूनबाईंनी माफ करावं.