बर्फातली साखळी आणि उसाची ट्रॉली

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात ट्रकवाल्यांसाठी एक नियम आहे. आय-७० महामार्गाच्या डॉटसेरो ते मॉरिसन या डोंगरी टप्प्यातून जायचं असेल तर १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात मालट्रकमध्ये चाकांना बांधायच्या साखळ्या असायलाच हव्यात. बाहेर लख्ख ऊन असलं तरी! बर्फ वाढला की फलकावर सूचना येते, मग त्या चाकांवर चढवायच्या. त्यासाठी रस्त्याकडेला जागाही करून ठेवलेल्या आहेत. नाही चढवल्या तर दंड, आणि तशीच गाडी दामटून रस्ता अडवला तर आणखी मोठा दंड. आपल्या देशातही झोजिलाच्या वाटेवर हिवाळ्यात बर्फ असला की साखळ्या नसलेल्या गाड्या पोलीस पुढे सोडत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, सातारा-सांगलीत बर्फ कुठला? बरोबर आहे. पण हिवाळ्यात आपल्याही रस्त्यांवर एक धोका येतो, तोही ठरलेल्या महिन्यांत, ठरलेल्या रस्त्यांवर. तो म्हणजे उसाची ट्रॉली.

दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू होतो तो मार्चपर्यंत. भुईंज, शेंद्रे, रेठरे, यशवंतनगर, साखराळे, वाळवा, कुंडल, वांगी... एवढ्या कारखान्यांकडे रात्रंदिवस ऊस चाललेला असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वेग सायकलचा. त्यात कृष्णाकाठचं पहाटेचं धुकं. मागून मोटरसायलवर येणाऱ्याला पुढे काही आहे हे कळतं ते अगदी जवळ गेल्यावर. हंगामात पेपर उघडला की 'ट्रॉलीला धडकून तरुण ठार' ही बातमी दिसतेच. आपण हळहळतो आणि पान उलटतो.

नियम नाहीत असं नाही. मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर हवेत, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. माल मापाबाहेर लोंबत असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २० हजार रुपये दंड सांगितलाय. मग अडतं कुठे?

माझ्या मते दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे ट्रॉलीची रचना. रिफ्लेक्टर चिकटवतात फाळक्यावर, आणि ऊस भरला की त्याची टोकं बाहेर येऊन नेमका तोच झाकला जातो. दुसऱ्या ट्रॉलीच्या दिव्याची वायर फडात जोडताना-सोडताना तुटते, ती तुटलेलीच राहते. म्हणून उसावरून मागे सोडायचा रिफ्लेक्टर लावलेला कापडी पडदाच हवा, जो ऊस भरल्यानंतर बांधता येतो. साखळीसारखाच की! गरजेला काढायचा, बांधायचा, आणि एरवी सीटखाली ठेवायचा.

दुसरं म्हणजे तपासणीची जागा. मोळी टाकण्याच्या कार्यक्रमात साहेब लोक चार ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, फोटो निघतात, संपलं. जानेवारीपर्यंत त्याच्यावर चिखलाचा थर. आरटीओची माणसं रात्री प्रत्येक फाट्यावर उभी राहू शकत नाहीत. पण प्रत्येक ट्रॉली एका जागी थांबतेच थांबते, आणि ती जागा म्हणजे कारखान्याचा काटा. तिथे गाडीचा नंबर लिहिला जातो, वजन किलोपर्यंत मोजलं जातं. मग मागचा दिवा लागतो का आणि पडदा आहे का, हे बघायला कितीसा वेळ लागणार? नसेल तर कारखान्याच्या गोडाऊनमधून द्या, पैसे वाहतुकीच्या बिलातून कापा, पण तसाच परत फडाकडे सोडू नका.

यावर उत्तर ठरलेलं असतं, "वाहनं आमची नाहीत, ठेकेदाराची आहेत." अहो, पण करार तुमचा आहे ना? उचल तुम्ही देता, बिल तुम्ही काढता!

ड्रायव्हरला एकट्याला बडवण्यातही अर्थ नाही. त्याला पैसे टनावर मिळतात, म्हणून तो जास्त भरतो. गव्हाणीपुढे नंबर लावून रात्र काढतो आणि तशाच जागरणात पुढच्या खेपेला निघतो. ट्रॉलीचं चाक गेलं तर चार दगड आणि उसाचं वाडं रस्त्यात टाकून तो मदतीला जातो, कारण लावायला लाल त्रिकोण त्याला कोणी दिलेलाच नसतो. नंतर ट्रॉली निघते, दगड मात्र तिथेच.

आणि आपण? ऊस वाळू नये म्हणून "भर अजून, एका खेपेत जाऊ दे" म्हणणारे आपणच. आपल्या घरातले बहुतेकजण कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे सभासद आहेत. वार्षिक सभेत आपण दरावरून तावातावाने बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण काट्यावर दिवे तपासा, असा साधा ठराव कोणी मांडलेला मी तरी ऐकला नाही. दादा, काका, तुमच्यापैकी जो कोणी पुढच्या सभेला जाणार असेल त्याने एवढं विचाराच. मीही विचारणार आहे.

तोवर पुण्याहून रात्री मोटरसायकलवर गावी येणाऱ्या पोरांनो, एवढं ऐका. कराडच्या पुढे वेग कमी ठेवा. पुढे अंधार दिसला म्हणजे रस्ता मोकळा आहे असं समजू नका.