चांद्याच्या जंगलावरची मध्यान्ह आणि संगणकाच्या गाभ्यातले घड्याळ

१/ भारतीय प्रमाणवेळेचा इतिहास बहुधा मुंबई आणि कलकत्त्याच्या भांडणातून सांगितला जातो. आज तो चांद्याच्या जंगलातून पाहू आणि लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे कर्नेलपर्यंत जाऊ. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : हाताशी अनेक घड्याळे असताना प्रमाण कोणते मानावे? माझे मत असे की, सूर्याशी तंतोतंत जुळणारे घड्याळ नव्हे, तर ज्याची इतरांना पडताळणी करता येते तेच प्रमाण ठरावे. आणि ही पडताळणी कधीच थांबू नये.

२/ आधी भूगोल. एका रेखांशाला सूर्य चार मिनिटे घेतो, म्हणून प्रत्येक गावाची मध्यान्ह वेगळी. गडचिरोली सुमारे ८० अंश पूर्व रेखांशावर, चंद्रपूर सुमारे ७९.३ वर. गडचिरोलीची मध्यान्ह झाल्यावर तीनेक मिनिटांनी चंद्रपूरची होते आणि त्यानंतर सुमारे २६ मिनिटांनी मुंबईची. बैलगाडीच्या काळात हा फरक कोणाच्या खिजगणतीत नव्हता.

३/ आगगाडीच्या काळात तो जीवघेणा ठरू शकत होता. एकेरी रुळावर दोन स्थानकांची घड्याळे जुळली नाहीत, तर समोरासमोर टक्कर होण्याची भीती. १८७० पासून रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. त्याच दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला आणि मद्रासची वेळ चांदा जिल्ह्यात पोहोचली.

४/ मद्रासच का? तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून वेधशाळा होती, वेध नियमित घेतले जात आणि तारयंत्राने वेळेचा संकेत देशभर धाडता येई. शिवाय मुंबई आणि कलकत्ता यांच्या वेळांमध्ये मद्रासची वेळ मधली पडत असे. योगायोग पाहा : मद्रासचा रेखांश सुमारे ८०.२५. म्हणजे रेल्वेची वेळ गडचिरोलीच्या सूर्याशी जवळजवळ मिनिटाच्या आत जुळत होती. आणि गडचिरोली गावाला मात्र रेल्वेच नव्हती! (गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये, तोवर तो चांद्याचाच भाग.)

५/ मग १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ आली. मद्रासच्या घड्याळात दोष निघाला होता का? नाही. नव्या वेळेचे ग्रिनिचशी अंतर नेमके साडेपाच तासांचे होते. जगाशी हिशोब सोपा झाला. काटे मद्रासहून सुमारे नऊ मिनिटे पुढे सरकले. आता घड्याळ सूर्याच्या पुढे होते : गडचिरोलीत १० मिनिटे, चंद्रपुरात १३, मुंबईत ३९.

६/ एकाच निर्णयाची किंमत अशी प्रत्येकाला निराळी पडली. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली होती. विरोधापुढे ती मागे घ्यावी लागली. १९०६ मध्ये पुन्हा महापालिका अडून बसली आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे तिने मुंबईची वेळ सोडली नाही. हा निव्वळ हट्ट होता असे मला वाटत नाही. गिरणीचा भोंगा सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटे आधी वाजणार असेल, तर त्या कामगाराला विचारायला नको?

७/ आता संगणक. त्यातही घड्याळे अनेक असतात. प्रोसेसरच्या आतला ‘टीएससी’ मोजक अतिशय झटपट वाचता येतो. पण जुन्या यंत्रांत प्रत्येक कोअरचा मोजक निराळा चाले, वीज वाचवताना त्याची गतीही बदले. प्रत्येक गावाची स्वतंत्र मध्यान्ह, तशीच ही गत! ‘एचपीईटी’ हे प्रोसेसरबाहेरचे सामायिक घड्याळ. ते सर्वांना सारखे, पण वाचायला संथ. तारेने येणाऱ्या मद्रासच्या संकेतासारखे.

८/ लिनक्स काय करते? प्रत्येक घड्याळाला गुण देते : टीएससीला साधारण ३००, एचपीईटीला २५०. ज्याचे गुण अधिक, ते आपोआप प्रमाण. पण गोष्ट इथे संपत नाही. एक पहारेकरी त्या घड्याळाची दुसऱ्याशी वारंवार तुलना करतो. तफावत वाढली की पहिल्याला ‘अस्थिर’ ठरवून पदावरून उतरवतो. यंत्राच्या व्यवस्थापकाला निवड स्वतः बदलण्याचीही मुभा असते. पुढे प्रोसेसर सुधारले, टीएससी स्थिर झाले आणि जवळचे घड्याळच विश्वासार्ह ठरले.

९/ आक्षेप येईल की समाज म्हणजे यंत्र नव्हे. मान्य, म्हणूनच समाजात मुभा अधिक हवी. चैत्रात मोहफुले वेचणारी बाई पहाटे निघते, तेंदूपत्त्याच्या हंगामातही काम उन्हाआधी उरकावे लागते. तिथे भिंतीवरच्या घड्याळाला कोण विचारतो? मात्र सामायिक घड्याळ असणे म्हणजे सर्वांचे कामाचे तास एकच असणे नव्हे. विदर्भात उन्हाळ्यात शाळा सकाळची होते. आसामच्या चहामळ्यांत घड्याळच तासभर पुढे ठेवतात, ती ‘बागान वेळ’.

१०/ म्हणून १९०६ चा निर्णय मला योग्य वाटतो आणि त्याची पद्धत अयोग्य. एक देश, एक वेळ हे सोयीचे आहे. पण ती सोय आहे, सत्य नव्हे. ज्यांच्यावर तिचा भार अधिक पडतो, त्यांचे ऐकून घेणारा पहारेकरी त्या व्यवस्थेत नव्हता. ईशान्येकडील राज्यांच्या वेगळ्या वेळेची मागणी आजही होते, तेव्हा ती फुटीरपणाच्या शंकेने नव्हे, तर मोजमापाने तपासावी.

आपल्या गावाची मध्यान्ह प्रमाणवेळेपासून किती दूर आहे? ८२.५ मधून आपला रेखांश वजा करा, चाराने गुणा आणि उत्तर खाली लिहा.