कृतज्ञ आहोत, मिंधे नाही

मागच्या महिन्यात आमच्या विद्यापीठात 'कृतज्ञता' या विषयावर कार्यशाळा झाली. रोज झोपण्याआधी तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, असं वक्त्या सांगत होत्या. तेव्हा आमची फेलोशिप सात महिने रखडली होती. एका मुलाने त्याबद्दल विचारलं. उत्तर आलं, "जे मिळालंय त्याकडे बघायला शिका." सभागृहात टाळ्या पडल्या.

ही भाषा आपल्याला नवी नाही. वर्षभर राबून खळ्यावर बलुतं मागायला गेलेल्या आपल्या पणज्यांना हक्काचं धान्यही भीक घातल्यासारखं मिळालं. मोबदल्याला उपकार म्हटलं की हिशेब मागता येत नाही, एवढी साधी युक्ती आहे ही. आज खळ्याच्या जागी विभागाचं ऑफिस आलं आहे. संविधानाच्या कलम 15(4) मुळे मिळालेला प्रवेश आणि सरकारी तिजोरीतली शिष्यवृत्ती, यावर "तुमच्यासाठी किती करतात" हे ऐकावं लागतं. ज्याच्या घरात तीन पिढ्या प्राध्यापक झाल्या, त्याला मात्र 'तू कोणाचा ऋणी' असं कोणी विचारत नाही. त्याचं ते मेरिट!

बाबासाहेब 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. करार पाळायला 1917 मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. पण राहायला कुठे जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी बडोदा सोडलं. पुढे 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी हीच मर्यादा सांगितली. देशासाठी आयुष्य वेचलेल्या माणसांबद्दल कृतज्ञ असण्यात गैर नाही, पण स्वाभिमान आणि स्वातंत्र्य गहाण टाकून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही, हा आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचा विचार त्यांनी तिथे मांडला.

मग कृतज्ञता सोडून द्यायची का? नाही. ती कोणाला द्यायची, ते आपण ठरवायचं.

सध्या मी प्रबंधाचा ऋणनिर्देश लिहितेय. पहिल्या मसुद्यात मार्गदर्शक, विभागप्रमुख, ग्रंथपाल अशी रीतसर रांग होती. माझ्या बारावीच्या फीसाठी डोरलं मोडणारी आई त्यात शेवटच्या ओळीत होती. संध्याकाळी विहारात आम्हाला गणित शिकवणारा, स्वतःचं कॉलेज अर्धवट सुटलेला दादा नव्हताच. जात पडताळणीच्या कागदांसाठी माझ्यासोबत रात्रभर जागलेली हॉस्टेलची ताईही नव्हती. यांच्यापैकी कोणीही मला कधी उपकार मोजून दाखवले नाहीत.

आणि एक गोष्ट स्वतःबद्दलही सांगायला हवी. गेल्या वर्षी वस्तीतल्या एका मुलीने शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी मला तीनदा फोन केला. मी प्रकरण लिहीत होते, उचलला नाही. तारीख निघून गेली. त्याच वर्षी 6 डिसेंबरला मी बाबासाहेबांच्या ऋणाबद्दल लांबलचक पोस्ट टाकली होती.

14 एप्रिलला डीपी बदलून आणि 'पे बॅक टू सोसायटी' म्हणून हे ऋण फिटत नाही. दादाने आम्हाला त्याच्या संध्याकाळी दिल्या, ताईने तिची रात्र दिली. आपल्याकडूनही तेवढंच मागितलं जातंय. फॉर्म सुटले की आपल्यातल्या प्रत्येकाने निदान एका पोराच्या शेजारी बसावं, उत्पन्नाच्या दाखल्यापासून शेवटच्या पावतीपर्यंत. आणि त्याने आपले पाय धरायला वाकू नये, एवढं मात्र बघावं.