समुद्र कोणासाठी?

दिवाळीची सुट्टी लागली की कोकणाच्या वाटा गजबजतात. मालवणचा किनारा, सिंधुदुर्ग किल्ला, रात्रीचा दशावतार यांची ओढ स्वाभाविकच आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा घोषित झाला. तेव्हापासून पाहुणे किती आले आणि खोल्या किती वाढल्या, यालाच विकास म्हणण्याची प्रथा पडली. जो कधीच येऊ शकत नाही, त्याची नोंद या हिशेबात नाही.

नेमक्या त्याच सुमारास राहुरीच्या ऊसपट्ट्यात पाथर्डीहून, बीडहून तोडणी कामगारांच्या टोळ्या उतरतात आणि कोप्यांत संसार मांडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत सुटका नाही. खाडा पडला तर मजुरी बुडतेच, वर दंडही बसतो. हा खाडा टाळण्यासाठी बीड जिल्ह्यातील स्त्रियांनी गर्भाशये काढून घेतल्याचे प्रकरण २०१९ साली राज्यभर गाजले. पर्यटनाचा आणि उसाचा हंगाम एकाच वेळी यावा हा योगायोग असेल. एकाच्या वाट्याला सुट्टी आणि दुसऱ्याच्या वाट्याला दंड यावा, हा योगायोग नव्हे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्याच्या आतील कामगाराला पगारी रजा दिली. त्याच कारखान्यासाठी कुंपणाबाहेर राबणारा मात्र कोरडाच राहिला. २०२३ साली शासनाने एसटीत स्त्रियांचे तिकीट निम्मे केले. परंतु जिला एक दिवसाची रजा नाही, तिने ते तिकीट कोणत्या दिवशी काढावे?

पोटाला भाकरी नाही त्याला समुद्र कशाला, असा प्रश्न काही व्यवहारी मंडळी करतात. त्यांनी राज्यघटनेचे ४३ वे कलम वाचावे. शेतमजुरासह सर्व श्रमिकांना निर्वाह वेतनाबरोबरच विश्रांती आणि सांस्कृतिक संधी मिळवून देण्यासाठी राज्याने झटावे, असे ते सांगते. फ्रान्समधील कामगारांनी १९३६ साली देशव्यापी संप करून दोन आठवड्यांची पगारी रजा मिळवली आणि हजारो कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. भाकरी आणि विश्रांती या एकाच लढ्याच्या दोन मागण्या आहेत.

म्हणून कार्यकर्त्यांनी तोडणीच्या दरासोबत आणखी तीन मागण्या फडांपर्यंत न्याव्यात : खाड्याचा दंड बंद करा, तोडणी कामगाराला पगारी रजा द्या, किनाऱ्यावर श्रमिकांसाठी सरकारी निवास उभारा. महाराष्ट्राचा किनारा ७०० किलोमीटरहून अधिक लांब आहे. त्यावर कष्टकऱ्याला बसायला जागा नाही, हे कोणी सांगू नये.