डाव्या हाताची शिकवणी



मागच्या पौर्णिमेला विहारात एक भगिनी भेटली. वय पंचेचाळीसच्या पुढचे. मुलासाठी घेतलेला जुना कॅसिओ घरात पडून आहे आणि मुलगा नोकरीला लागला. आता आपणच पियानो शिकावा असे तिच्या मनात आले, पण शिकवणीची फी झेपत नाही. "ताई, घरच्या घरी पुस्तक लावून येईल का हो?" तिने विचारले. येईल, असे मी छातीठोक सांगितले, कारण मीही तेच करते आहे. पण माझी जी फजिती झाली, ती गर्दीत सांगायची राहून गेली.

माझे वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे. त्यांच्याजवळ बसून मी लहानपणीच सूर काढायला शिकले. त्यामुळे कीबोर्ड पुढ्यात आला तेव्हा वाटले, पट्ट्या त्याच, यात शिकायचे काय? पुस्तकातली पहिली तीस पाने "हे तर येतेच" म्हणून उलटली आणि तिथेच फसले. पेटीवर बोटे चालतात ती उजव्या हाताची, डावा हात भाता हलवतो. पियानोत डाव्या हातालाही बोटांचे काम असते. माझा उजवा हात चाळीस वर्षांचा जाणता आणि डावा पाळण्यातला ! दोन्ही एकत्र लावले की उजवाही अडखळायचा. दोन महिने वाया घालवून मी मुकाट्याने पहिल्या पानावर आले.

माझे पुस्तक फर्डिनांड बायर या जर्मन संगीतकाराचे आहे. 1850 च्या सुमाराचे, एकूण 106 धडे. सुरुवातीच्या धड्यांत हात पाच पट्ट्यांवर ठेवायचा आणि तिथून हलवायचा नाही. प्रत्येक बोटाला आपली एक पट्टी. बोटांनाही आकडे असतात, दोन्ही हातांचा अंगठा 1 आणि करंगळी 5. हे पोरखेळ वाटते, पण हात जागचा हलत नाही म्हणूनच नजर पानावर राहते आणि लिपी वाचायची सवय लागते. पेटीवाल्यांना आणखी एक गोष्ट विसरावी लागते. आपण सा काळी चारचा धरू नाहीतर काळी पाचचा. तिथे मात्र प्रत्येक पट्टीचे नाव कायमचे. मधला 'सी' म्हणजे आपली मधल्या सप्तकातली पांढरी एक, बस्स.

धडा आधी उजव्या हाताने, मग डाव्याने, मग दोन्हींनी, तोही निम्म्या लयीत आणि तोंडाने मात्रा मोजत. चुकले तर सगळा धडा पुन्हा वाजवू नका, तेवढीच ओळ घ्या. स्वयंपाक आटोपल्यावर रोजची वीस मिनिटे पुरतात. रविवारी एकदम दोन तास बसून फक्त मान धरते.

पियानोला 88 पट्ट्या असतात, आपल्याकडच्या साध्या कीबोर्डला बहुधा 61. पहिल्या पुस्तकाला तेवढ्या पुरतात. कीबोर्ड मांडीवर घेऊ नका, कोपर आणि पट्ट्या एका उंचीवर येतील असा ठेवा. तयार ठेक्याचे बटण काही महिने दाबूच नका, कारण ठेका सुरू झाला की आपण त्याच्या मागे धावतो आणि चुका त्यात लपतात. चाळीत रात्रीचा इअरफोन लावा, म्हणजे शेजारीही सुखी.

पुस्तकाला कान नसतात, ही मात्र खरी अडचण. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, तेव्हा शिकवायला गुरू होता. आपण मोबाईलवर आपले वाजवणे भरून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी ऐकावे. मला त्यातच कळले की मी अवघड जागी मात्रा खाते. महिन्यातून एकदा वस्तीतल्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्या पोराला हाताची ठेवण दाखवते. त्याला चहा पाजला की तो खूश.

सध्या मी चाळिसाव्या धड्याच्या आसपास आहे. डावा हात अजून रुसतो. येत्या पौर्णिमेला त्या भगिनीला पुस्तकाची झेरॉक्स देणार आहे, पण पहिल्या तीस पानांचीच. ती वाजवून दाखवली की पुढची.