साठ वर्षांचे यंत्र, चार वर्षांचा माणूस

आमची शाळा सांबऱ्याच्या वाटेवर आहे. डोक्यावरून विमान गेले की मागच्या बाकांवरची पोरे ते मुंबईचे की बेंगळूरचे यावर पैज मारतात आणि माझा व्याकरणाचा तास दोन मिनिटे खोळंबतो. सांबऱ्याचा विमानतळ 1942 साली, महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिशांनी बांधला. आज तेथे प्रवासी विमाने उतरतात. पण त्याच कुंपणाच्या आत वायुदलाची मोठी शाळाही आहे. तेथे लढाऊ विमानांचा ताफा नाही. तेथे घडतात ती माणसे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली अठरा-वीस वर्षांची मुले तेथे कवायत शिकतात, शिस्त शिकतात आणि वायुसैनिक होऊन बाहेर पडतात. तेव्हा वायुदलाच्या विमानांविषयी एका मराठीच्या मास्तराने लिहावे, हा कुणाला अगोचरपणा वाटला तरी मला तो वाटत नाही. आम्ही दोघेही शेजारी आहोत, आणि दोघांचाही धंदा पोरे घडवण्याचाच आहे.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला मिग-21 विमानांना निरोप देण्यात आला. 1963 साली, चीनच्या तडाख्यातून देश सावरत असताना, ही विमाने याच चंडीगडला आली होती. म्हणजे बासष्ट वर्षांची चाकरी झाली. निरोपाला संरक्षणमंत्री होते, वायुदलप्रमुखांनी स्वतः विमान उडवले, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली, भाषणे झाली. दूरदर्शनवर पाहताना माझ्याही डोळ्यांत पाणी आले, ते मी नाकारत नाही. पण पाणी पुसल्यावर मनात जो प्रश्न उभा राहिला, तो त्या सोहळ्यात कुणी विचारलेला मला दिसला नाही. बासष्ट वर्षे हा गौरव की पंचनामा?

त्यानंतर सहाच दिवसांनी दसरा आला. संध्याकाळी सोने द्यायला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या तुकड्यांतला हा मुलगा. गणितात बरा, इंग्रजीत कच्चा, पण सायकल उघडून पुन्हा जोडण्यात पटाईत. वायुदलात तंत्रज्ञ म्हणून वीस वर्षे काढून तो 2023 साली परतला आणि आता उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला जातो. त्यातली बरीच वर्षे त्याने मिग-21च्या पोटात हात घालून काढली. आपट्याची पाने हातावर ठेवून तो पाया पडला, आणि मी सहज बोलून गेलो, "सुटली बघ एकदाची ती उडती शवपेटी!"

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "सर, तुम्ही तरी तसं म्हणू नका. विमानाला काय कळतंय? त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. जास्त वर्षं सांगितलं, जास्त वर्षं केलं."

विद्यार्थ्याने मास्तराचा कान धरावा आणि मास्तराने तो मुकाट्याने धरू द्यावा, असा तो प्रसंग होता. कारण त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. डिसेंबर 1971 मध्ये ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला करून पाकिस्तानी प्रशासनाचा कणा मोडणारी विमाने मिग-21च होती. विमान वाईट नव्हते. वाईट होती ती आपली निर्णय पुढे ढकलण्याची खोड.

ही खोड किती जुनी आहे, ते तारखांनीच सांगतो. वेगवान जेट विमानांवर जाण्यापूर्वी तरुण वैमानिकांना प्रगत प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस ला फॉन्टेन समितीने 1982 साली केली. किरणसारख्या संथ विमानावर शिकलेल्या मुलाला एकदम मिग-21वर बसवायचे, जे जमिनीला टेकतानाच ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावत असते, हे धोक्याचे आहे, हे तेव्हाच कळले होते. कळून काय झाले? हॉक विमानांचा करार 2004 साली झाला, आणि ती वायुदलात रीतसर दाखल झाली फेब्रुवारी 2008 मध्ये, आपल्याच सीमाभागातल्या बिदरला. मधली सव्वीस वर्षे फायली हिंडत होत्या. 1971-72 पासून एप्रिल 2012 पर्यंत मिग जातीच्या विमानांना 482 अपघात झाले आणि त्यांत 171 वैमानिक दगावले, असे संरक्षणमंत्री अँटनी यांनी 2012 साली संसदेत सांगितले. हे सारे मृत्यू प्रशिक्षण विमान नसल्यामुळेच झाले, असे मी म्हणत नाही. यंत्रातले बिघाड होते, माणसाच्या चुका होत्या. पण चुका होऊ नयेत म्हणूनच तर शिक्षण असते! शिकवण्याचे साधन सव्वीस वर्षे न देता पोराच्या चुकीवर बोट ठेवणारा मास्तर आमच्या शाळेत एक दिवसही टिकणार नाही.

मिग-21ची जागा घेण्यासाठी हलके लढाऊ विमान बनवायचे ठरले 1983 साली. त्याने पहिले उड्डाण केले 4 जानेवारी 2001 रोजी, आणि तेजसची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली जुलै 2016 मध्ये. 83 सुधारित तेजसचा करार फेब्रुवारी 2021 मध्ये झाला. पहिले विमान 2024 साली मिळायचे होते. ते साल गेले, आणि मिग-21ला निरोप देण्याचा दिवस उजाडला तरी त्यांतले एकही वायुदलाच्या हाती पडलेले नव्हते. निरोपाच्या आदल्या दिवशी आणखी 97 तेजसचा, बासष्ट हजार कोटींहून मोठा करार मात्र झाला. आमच्याकडे पहिला गृहपाठ पुरा न करणाऱ्या मुलाला दुसरी वही देत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, गुरुजी, स्वदेशीची थट्टा करता काय? मुळीच नाही. उलट माझा संताप स्वदेशीवरच्या प्रेमातून आलेला आहे. 1961 साली, जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली, मरुत हे जेट लढाऊ विमान बेंगळूरच्या आकाशात झेपावले होते. 1971च्या युद्धात ते लढलेही. त्याची कुडी उत्तम होती, पण तिच्या तोलाचे इंजिन आपल्याला अखेरपर्यंत मिळाले नाही, आणि 147 विमानांवर ती कहाणी संपली. त्या धड्यानंतर स्वतःचे इंजिन हा आपला पहिला ध्यास व्हायला हवा होता. कावेरी इंजिनाचे काम मंजूर झाले 1989 साली; 2008 साली ते तेजसपासून वेगळे काढावे लागले. आजचा तेजस अमेरिकन इंजिनावर उडतो आणि ती इंजिने वेळेवर आली नाहीत म्हणून विमाने खोळंबली. त्याच इयत्तेत दुसऱ्यांदा नापास होण्याचा हा प्रकार आहे, आणि प्रगतिपुस्तकावर सही करायला पालक तयार नाहीत.

दरम्यान आकाश कुणी सांभाळायचे? वायुदलाला 42 स्क्वाड्रन मंजूर आहेत; मिग-21 गेल्यावर उरल्या 29. त्या भाराखाली जुनी विमाने ताणली जातात. जॅग्वार आपल्याकडे आले 1979 साली. ते बनवणाऱ्या फ्रान्सने 2005 साली आणि ब्रिटनने 2007 साली ते मोडीत काढले; ओमानने 2014 साली. आता साऱ्या जगात ते उडवणारे आपण एकटे आहोत. 2025 साली मार्च, एप्रिल आणि जुलै अशा तीन महिन्यांत तीन जॅग्वार कोसळली. राफेलचे म्हणाल, तर 126 विमानांसाठी 2007 साली निविदा निघाली आणि 36 विमाने घेतली 2016 साली. त्यातले पहिले विमान ताब्यात घेताना चाकाखाली लिंबू ठेवले, यावर शहाण्यांनी चेष्टा केली. मला त्या लिंबाचे काही वाटत नाही. आमच्या गावात ट्रॅक्टरलाही ठेवतात. मला वाटते ते त्या नऊ वर्षांचे. दृष्ट लागते ती विमानाला नव्हे, फायलीला लागते आणि तिच्यावर लिंबाचा उतारा चालत नाही.

मग हे सारे चालले कशावर? याचे उत्तर माझ्या विद्यार्थ्याने दिले. चहा पिता पिता तो म्हणाला, "सर, पहिली काही वर्षं तर आम्हाला पाने उचलून द्यायलाच ठेवलं होतं. मोठे लोक शेजारी उभे असायचे. कान लावून इंजिन ओळखायला शिकलो तेव्हा कुठं माझ्या सहीला किंमत आली. माझी सही झाली की एक माणूस वर जायचा. तो उतरेपर्यंत घास गिळत नसे."

वाचकहो, बासष्ट वर्षे मिग-21 उडाले ते या सहीवर. ओझरच्या कारखान्यात ती विमाने जोडणाऱ्या कामगारांच्या हातांवर आणि तळातळावर रात्री जागणाऱ्या अशा पोरांच्या कानांवर. ज्या देशाला विमान वेळेवर बदलता येत नाही, त्याने निदान ते सांभाळणारा माणूस तरी जपावा, इतके साधे गणित आहे.

आणि नेमका हाच माणूस आपण आखूड केला. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. वायुसैनिक आता अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी घेतले जातात. त्यांतले फार तर पंचवीस टक्के पुढे कायम होतात. यांची पहिली तुकडी घडली ती आमच्या सांबऱ्यालाच. यंत्राच्या निवृत्तीचा निर्णय घ्यायला ज्यांना दशके पुरली नाहीत, त्यांनी माणसाच्या निवृत्तीचा निर्णय किती झटपट घेतला!

योजनेच्या बाजूने जे बोलले जाते ते मी ऐकले आहे. सैन्य तरुण राहते, निवृत्तिवेतनाचा बोजा घटतो, वाचलेला पैसा शस्त्रांना लागतो, आणि उत्तम ते टिकतातच. यातले तरुणाईचे म्हणणे डोंगर चढणाऱ्या जवानाबाबत मी समजू शकतो. पण इंजिनाचा आवाज ओळखणारा कान वयाने थकत नाही, वयाने तयार होतो. चारांतले तीन कान तयार होण्याच्या उंबरठ्यावर घरी पाठवायचे, आणि मागे चाळिशी उलटलेली जॅग्वार ठेवायची, हा हिशेब मला कुणी फळ्यावर मांडून दाखवावा. पैसा वाचतो म्हणता? एका विमानाची किंमत आणि एका वैमानिकाचा जीव जमेच्या कुठल्या बाजूला लिहिणार?

माझ्या मागण्या दोनच आहेत. पहिली अशी, की यापुढे लढाऊ विमान विकत घेतानाच ते कोणत्या साली निवृत्त होणार आणि त्याच्या जागी येणाऱ्याचा निर्णय कोणत्या सालापर्यंत होणार, हे संसदेपुढे लेखी मांडले जावे, आणि तारीख चुकली तर ती कुणामुळे चुकली हेही. दुसरी अशी, की विमानाला हात लावणाऱ्या तांत्रिक शाखांना चार वर्षांच्या अटीतून वगळावे. यात राष्ट्रविरोधी काही आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी एकदा आमच्या भागात यावे आणि कित्येक घरांच्या भिंतींवर लावलेले गणवेशातले फोटो पाहून मग बोलावे.

परवा शाळेत दहावीचा एक मुलगा मला विचारत होता, "सर, वायुदलात जाऊ का?" गेली तीस वर्षे या प्रश्नाला मी डोळे मिटून 'जा' म्हणत आलो. या वेळी मी त्याला म्हटले, "उद्या वडिलांना घेऊन ये. बसून बोलू." तो गेला, आणि मी बराच वेळ खिडकीपाशी उभा राहिलो. मी त्याला 'जा'च म्हणणार आहे. पण ते सांगायला मला एक दिवस मागून घ्यावा लागला, याची लाज माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाला तरी वाटायला हवी.