‘उपजत’ नावाची पळवाट

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या पावसाळ्यात वहिनीचे दुसरे बाळंतपण आमच्याकडेच झाले आणि महिन्याच्या आत ती तापाने अंथरुणाला खिळली. आई-बाबा सोयाबीनच्या काढणीला. लेकरू कोण सांभाळणार, हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नाही. उत्तर आधीच ठरलेले होते. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिली. पण अठरा दिवस मी सेलूची एस. टी. पाहिली नाही. हातचे काम सुटल्यामुळे दादा घरीच होता. “दादा धरील की!” असे मी म्हणाले, तर आत्या म्हणाली, “गडीमाणसाला काय कळतंय लेकरातलं? बाईच्या जातीला ते उपजतच असतं.”

हे ‘उपजत’ म्हणजे नेमके काय? पुढे ग्रंथालयात मी त्याचाच शोध घेतला आणि जाऊन पोचले ती पाखरांपाशी! वाचकांनी हसू नये. माणसाच्या मेंदूवर करता येत नाहीत असे पुष्कळ प्रयोग पाखरांवर झालेले आहेत.

आमच्या शेतातल्या विहिरीवरच्या बाभळीला दर पावसाळ्यात खोपे लोंबतात. सुगरण हे नाव बाईमाणसाचे, म्हणून घर विणणारीही तीच, असे आपण धरून चालतो. बहिणाबाई चौधरींनीही खोप्याचे श्रेय सुगरणीलाच दिले. पण सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी या पाखरांचे निरीक्षण केले आणि १९३१ साली ते प्रसिद्ध केले. खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की माद्या येऊन पारखतात. एखादीने पसंत केला की तो पुरा करतो आणि दुसरीसाठी नवा विणायला घेतो. अंडी उबवण्याचा आणि पिले वाढवण्याचा बहुतेक सारा भार मादीवर पडतो.

झाले! म्हणजे आत्याचेच खरे, असे कुणी म्हणेल. पण मग माळवदाच्या सांदीतले चिमण्यांचे घरटे पाहा. तिथे चिमणा आणि चिमणी दोघेही चोचीत किडे आणून पिलांना भरवतात. तेव्हा भरवणे हे मादीचेच काम, असा निसर्गाचा एकच कायदा नाही.

मेंदूत काय घडते? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. पिलांच्या संगोपनाची सूत्रे मुख्यतः तिथून हलतात. त्याच्याच हुकमतीखाली पियूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. आणि महत्त्वाचे हे, की ही सारी व्यवस्था नराच्याही डोक्यात असते. झेब्रा फिंच या गाणाऱ्या पाखरात नर-मादी मिळून पिले वाढवतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात औषध देऊन दोघांचेही प्रोलॅक्टिन कमी केले, तेव्हा दोघांचेही पिलांकडचे लक्ष कमी झाले. उलट १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चिमण्यांच्या नरांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जादा दिले, तर ते पिलांना भरवायला कमी येऊ लागले.

म्हणजे माया नुसती मेंदूच्या हातात, आणि आपण काहीच करायचे नाही? तसेही नाही. अमेरिकेत डॅनियल लेहरमन यांनी होल्यांवर पुष्कळ वर्षे काम केले. जोडीदार आणि घरटे नजरेसमोर असले, की त्याने पाखराची संप्रेरके बदलतात, हे त्यांनी दाखवले. मेंदू माया करायला लावतो, तसे जवळ असणेही मेंदूला जागे करते. माणसाचेही काहीसे तसेच आहे. फिलिपिन्समधल्या सहाशेवर पुरुषांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बाप झालेल्यांचे टेस्टोस्टेरॉन उतरले होते. आणि रोज तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ लेकराचे करणाऱ्या बापांत ते आणखी कमी होते.

एकोणिसाव्या दिवशी माझी चाचणी परीक्षा होती. लेकरू दादाच्या मांडीवर ठेवून मी हट्टाने निघाले. आत्याचे बोलणे वाटेवरच्या वळणापर्यंत ऐकू येत होते. संध्याकाळी परतले तर दादा भिंतीला टेकून बसलेला आणि लेकरू त्याच्या छातीवर झोपलेले. “पाय बधिर झालेत,” तो हळूच म्हणाला, “पण उचलू नको, उठंल ते.” पुढच्या पंधरा दिवसांत असे झाले, की रडते लेकरू दादाच्या नुसत्या खाकरण्याने गप्प होई. ही माया त्याला कुणी शिकवली? लेकरानेच!

एका दादावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला समजते. पाखरांच्या वागण्यावरून माणसाने नीती ठरवू नये, हेही समजते. नाहीतर उद्या एखादा सुगरणीच्या नराकडे बोट दाखवून मोकळा होईल. पण मग उलट बाजूनेही निसर्गाची साक्ष काढू नये. ‘उपजत’ या एका शब्दावर बायकांच्या किती पिढ्या चुलीपाशी अडकल्या आणि किती पुरुष आपल्याच लेकराला पाहुण्यासारखे परके राहिले! नुकसान दोघांचेही आहे.

माझ्या बुडालेल्या अठरा दिवसांच्या वह्या मैत्रिणींनी दिल्या, मी त्या उतरवून घेतल्या. त्याबद्दल तक्रार नाही. मागणे एवढेच आहे, की पुढच्या खेपेला ‘लेकरू कोण धरणार?’ हा प्रश्न निदान मोठ्याने विचारला जावा, आणि तो विचारताना घरातल्या प्रत्येकाकडे पाहिले जावे.